खाडीला उघडलेलं दार

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. फाल्गुनातली दुपार. आभाळ राखेच्या रंगाचं, ना धड ऊन, ना ढग. माडाची झावळी हलत नव्हती आणि खाडीचं पाणी वर तेल ओतल्यासारखं गप्प पडून होतं. असा दिवस आला की जुनी माणसं उगाच ओटीवर येऊन बसतात. काय होणार ते त्यांना ठाऊक नसतं, पण आत बसवतही नाही.

ही पार जुन्या काळची गोष्ट आहे, बाळांनो. तेव्हा राजांची नावंसुद्धा कुणी ध्यानात ठेवत नसे, मग गावाचं नाव कोण ठेवणार? खाडीच्या काठी एक गाव होतं, एवढं धरून चाला.

आता जरा नीट ऐका. हे एवढं कळलं की पुढचं आपोआप कळेल. गावाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं. भरती आली की खाडीचं पाणी शेतांपेक्षा उंच चढायचं. मग शेतं बुडत कशी नसत? तर मध्ये मातीचा एक लांबलचक बांध होता. पणज्याच्या पणज्याने घातलेला. त्या बांधाला एक दार होतं, दगडी खाचांत बसवलेल्या जाड फळ्यांचं. त्याला म्हणायचे उघाडी. पावसाचं पाणी शेतात तुंबलं की ओहोटीला फळ्या काढायच्या, पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरती चढायला लागली की फळ्या लावायच्या, खाडीला बाहेरच ठेवायचं.

हे काम पोशा नावाच्या माणसाच्या घराकडे होतं. त्याच्या बापाने केलं, आज्याने केलं, आता पोशा करत होता. त्याबद्दल घरटी सूपभर भात त्याला मिळे. माणूस शांत. कुणी दोन शब्द जास्त बोललं तर तो मान खाली घालून फळ्यांवरचं शेवाळ खरवडत राही.

मातीचा बांध समुद्र एकदम फोडत नाही. आधी खेकडा भोक पाडतो, बोट जाईल एवढं. त्यातून भरतीचं पाणी झिरपतं. भोक मनगटाएवढं होतं, मांडीएवढं होतं, आणि मग एक दिवस तिथे बांधच नसतो. म्हणून त्या गावात एक रीत होती. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण यायच्या आदल्या दिवशी, ओहोटी लागली की प्रत्येक घरातलं एक माणूस बांधावर जायचं. तेही अनवाणी. कारण बांध कुठे आतून ओलावलाय ते डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतं. भोक सापडलं की चिखलाचा गोळा कोंबायचा आणि टाचेने ठोकायचा.

त्यातही एक मेख होती. आपल्या शेतालगतचा बांध आपण चालायचा नाही. दुसऱ्याचा चालायचा. असं का, ते कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. सगळं पाहून झालं की माणसं उघाडीपाशी जमत, भाकरी-सुकट खात आणि एकमेकांची खोड काढत.

"धाकूबाय, तुझ्या बांधाला आज भोकंच भोकं होती गं."

"असतील. खेकड्यालासुद्धा चांगलं शेत ओळखू येतं. तुझ्या शेताकडे तो फिरकत नाही, त्याला मी काय करू?"

ही धाकूबाय म्हणजे पोशाची शेजारीण. म्हातारी, एकटी, गुडघे दुखरे आणि जीभ धारदार. पोशाच्या कुडाच्या भिंतीला तिची भिंत लागून होती.

त्या शेतांत एक बुटकं, तांबडं भात पिकायचं. थोडा खार सोसणारं. दाणा जाड, चवीला गोड, पण पीक बेताचं. वैशाख कसाबसा निघे, ज्येष्ठ ओढून निघे, आणि आषाढात गावाची पेज पातळ होई. सगळं काही चांगलं होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. आषाढ वाईटच होता.

तर त्या वारा पडलेल्या दुपारी खाडीत एक गलबत आलं. शीड उतरवलेलं, वल्ही मारत मारत, भरतीच्या पाण्यावर. एवढं मोठं गलबत गावाने पाहिलं नव्हतं. त्यातून एक शेठ उतरला. त्याच्या मागोमाग राजाचा कारभारी उतरला, म्हणजे राजाचीही मर्जी होती हे सांगायला नको.

शेठ वाईट माणूस नव्हता. गोड बोलायचा, पोरांच्या हातावर खडीसाखर ठेवायचा, म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार करायचा. पारावर बसून तो म्हणाला, "पाटील, तुमच्या खाडीत जी कोळंबी आहे, तशी मी कुठल्याच किनाऱ्याला पाहिली नाही. दूरच्या राजांच्या ताटात तिला मान आहे."

"अहो, ती आम्ही रोज कालवणात घालतो," गावचा पाटील हसला.

"घालता, पण वाढवत नाही. या शेतांत खारं पाणी घ्या. तळी करा. कोळंबी वाढवा आणि मला द्या. टोपलीभर कोळंबीला मी टोपलीभर तांदूळ देईन. हा असा."

त्याने बरोबर आणलेल्या पोत्याचं तोंड सोडलं. तांदूळ मोगऱ्याच्या कळ्यांसारखा पांढरा. धाकूबायने दोन दाणे तोंडात टाकले. "हा तर दाताला लागतच नाही," ती म्हणाली. "उरलेले दात वाचतील माझे."

सगळे हसले. शेठही हसला. मग म्हणाला, "तुम्ही वर्षभर चिखलात राबता आणि आषाढात उपाशी राहता. मी म्हणतो, ज्याला जे उत्तम जमतं ते त्याने करावं. बाकीचं बाहेरून येईल. जग मोठं आहे, पाटील. आणि काय हो, अख्खं गाव दर पंधरवड्याला दुसऱ्याच्या बांधावर फुकट फिरतं म्हणे? ज्याने त्याने आपलं पाहिलं, तर सगळ्यांचंच पाहून होईल की नाही?"

यात खोटं वाटावं असं काहीच नव्हतं. माणसं एकमेकांकडे पाहून माना हलवू लागली.

पोशा मागे उभा होता. त्याने घसा खाकरला. "शेठ, एक विचारू? खाडी एकदा आत घेतली की जमीन खारवते. मग आमचं तांबडं भातसुद्धा उगवायचं नाही."

"भात हवंय कशाला? भात मी आणणार."

"आणि तुम्ही आला नाहीत तर?"

शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे भल्या माणसा, मी व्यापारी आहे. फायदा असेल तिथे व्यापारी येणार नाही, असं कधी झालंय का?"

हे मात्र शेठ अगदी खरं बोलला होता. पण त्या खऱ्याचा दुसरा अर्धा भाग कुणी ऐकला नाही. फायदा नसेल तिथे काय, ते कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी पोशा घरी येऊन नुसता बसून राहिला. त्याची बायको चांगी निखाऱ्यांवर भाकरी शेकत होती. तिने विचारलं, "उद्या दार उघडणार ना तुम्ही?"

"भीती वाटते गं."

"कशाची?"

"ते सांगता येत नाही. तळव्याला ओल लागावी तसं वाटतंय."

चांगीने भाकरी उलटली. मग म्हणाली, "गेल्या आषाढात मी पेज वाढत होते तेव्हा पातेल्यात पाहत नव्हते. पोरींच्या तोंडाकडेही पाहत नव्हते. चुलीकडे बघून वाढत होते. तुमची भीती मोठी असेल. पण माझी रोजची आहे."

यावर पोशाने काय म्हणावं? तुम्ही तरी काय म्हणाल?

दुसऱ्या दिवशी भर भरतीला गाव बांधावर जमलं. ढोल वाजला. कारभाऱ्याने नारळ फोडला. पोशाने एकेक फळी उपसून वर घेतली आणि खाडी आत आली. आधी बोटभर, मग घोट्याएवढी, मग फेस काढत. तांबड्या भाताची खुंटं पाण्याखाली गेली. पोरं नाचत होती. पोशाच्या हातात शेवटची फळी होती आणि ती खाली ठेवायचं त्याला सुधरत नव्हतं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं, हे सांगितलंच पाहिजे. पोशाचे हात तेच, फळ्या त्याच, फक्त काम उलटं. आता भरतीला दार उघडायचं आणि ओहोटीला लावायचं, म्हणजे खारं पाणी आतच राहतं. त्या पाण्याबरोबर कोळंबीची पिल्लं येत आणि तळ्यांत वाढत. गलबत आलं, टोपलीला टोपली तांदूळ मिळाला. आषाढ कधी आला नि कधी गेला, कळलं नाही. चांगीने आयुष्यात पहिल्यांदा पातेलं न खरवडता घासलं.

मग अमावास्या आली. उधाणाच्या आदल्या दिवशी पोशा भाकरी बांधून उघाडीपाशी थांबला. मोजकी माणसं आली. जी आली नाहीत ती वाटेत भेटल्यावर म्हणाली, "पोशादा, माझ्या तळ्याचं मी पाहिलंय." पुढल्या खेपेला त्याहून कमी आली, तीही चपला घालून. पुढे पुढे पोशा आणि धाकूबाय, दोघंच उरली.

"तू कशाला आलीस, बाय? तुझे गुडघे दुखतात."

"घरी बसूनही दुखतात. निदान इथे भाकरी आहे तुझी."

प्रत्येकाने आपल्या तळ्याभोवती छोटा, छान, घट्ट बांध घातला होता. स्वतःच्या हाताने, मन लावून. काहींनी वर दगडही लावले. मोठ्या बांधाचा जो तुकडा ज्याच्या तळ्यालगत होता, तोही तो पाहत होता. पण गायरानाला लागून बांधाचा एक लांब पट्टा होता. तिथे कुणाचंच तळं नव्हतं. आधी दर फेरीला तो कुणा ना कुणाच्या वाट्याला येई. आता तो कुणाचाच नव्हता. धाकूबायचे गुडघे तिथवर जात नसत आणि पोशाला एकट्याला चालून तो पुरा होत नसे.

दुसऱ्या वर्षी गावच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. धाकूबायची गाय घमेल्यात तोंड घाली आणि तसंच वर काढी. बायका डोंगराच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. झरा लांब होता. पण घरात तांदूळ होता, म्हणून कुणी फारसं बोललं नाही.

त्या वर्षी शेठ आला तेव्हा खडीसाखर आणली होती, पण चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "पाटील, काय सांगू? समुद्रापलीकडे एक खाडी आहे. तिथलेही लोक आता कोळंबी करू लागलेत, आणि टोपलीला अर्धी टोपली तांदळावर देतात. मला तुमचा लळा आहे, पण व्यापार लळ्यावर चालत नाही. तुम्हीही अर्ध्यावर द्या."

"अर्ध्यावर पोट कसं भरणार?" पाटलाने विचारलं.

"दुप्पट कोळंबी करा. भरेल."

दुप्पट कोळंबीला दुप्पट तळी लागतात. जागा कुठली? बांधाच्या बाहेर खाडीच्या चिखलात तिवरांची झाडी होती. तिवरं म्हणजे खाऱ्या पाण्यात उभी राहणारी झाडं, मुळं वर काढून श्वास घेणारी. लाट आली की आधी त्यांच्यावर आपटायची आणि दमून बांधापाशी यायची. गावाने ती तिवरं तोडली आणि तिथे तळी केली. पोशा रोज कुऱ्हाडींचे आवाज ऐकत राहिला. तोडणाऱ्यांत त्याचा मेव्हणाही होता. पोशाने त्याला अडवलं तेव्हा तो म्हणाला, "भावोजी, मी थांबतो. मग शेजारचा तोडील आणि तळं त्याचं होईल. सांगा, थांबू?"

पोशाने वाट सोडली.

पुढल्या खेपेला गलबत आलं तेव्हा ओहोटी होती आणि शेठ बरोबर आला नव्हता. गाळात पुढचं टोक टेकून ते उघाडीजवळ थांबून राहिलं. एक खलाशी उतरून बांधावर पाय मोकळे करायला आला. पोशाने त्याला पाणी दिलं. खलाशाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आमची विहीर आता अशीच आहे, बाबा," पोशा ओशाळून म्हणाला.

"पलीकडच्या खाडीतही हेच. तिथेही पाणी पिववत नाही."

"ती अर्ध्यावर कोळंबी देणारी खाडी ना?"

खलाशाने पाण्याचा तांब्या परत दिला. मग हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "दादा, तिथे शेठ काय सांगतो ठाऊक आहे? पलीकडे एक खाडी आहे, तिथले लोक कमी मागतात, तुम्हीही कमी मागा."

"पलीकडे म्हणजे कुठली?"

"ही. तुमची."

पोशाने तांब्या बांधावर उपडा केला. मग त्याने विचारलं, "आणि ते लोक आधी काय करायचे?"

"भात. काय भात व्हायचं तिथे! तुम्ही खाता तो पांढरा तांदूळ कुठला? तिथलाच. आता त्यांनीही शेतांत खाडी घेतली."

"मग आता भात कोण पिकवतो?"

खलाशाने खांदे उडवले. "ते मला कुणी सांगितलं नाही. यंदा गलबतात पोती कमी आहेत, एवढं मी पाहिलंय. उचलतो मीच ना."

पोशा धावत सुटला. न धावणारा माणूस धावताना पाहून गाव बाहेर आलं. धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. म्हणाला, "पाटील, पाऊस यायच्या आत दार लावू द्या. कायमचं. पाऊस गोडं पाणी ओतील, जमीन धुऊन निघेल. यंदा नाही तर पुढे, पण भात येईल. बी डोंगरापलीकडून मागून आणू. तोवर कंदमुळं खाऊ. पण यंदाचा पाऊस चुकला तर जमीन हातची जाईल हो!"

"आणि तळ्यातली कोळंबी?" कुणीतरी विचारलं.

"ती मरेल."

"मरेल म्हणे! मग गलबताला द्यायचं काय, तुझ्या घरच्या फळ्या?"

"एका खलाशाच्या बोलण्यावर?" दुसरा म्हणाला. "शेठला जग ठाऊक आहे. पोशादाला उघाडी ठाऊक आहे. आता तुम्हीच ठरवा."

माणसं हसली. पण हसणं लांबलं नाही. प्रत्येकाला घरातलं तांदळाचं मडकं आठवलं असावं.

पाटील बिचारा दोन्हीकडून अडकला होता. म्हणाला, "पोशा, अजून एक गलबत येऊ दे. तेवढा तांदूळ घरात पडू दे. मग लाव दार."

मग वाट पाहणं सुरू झालं. वाट पाहण्यासारखं दुसरं दुखणं नाही. चैत्र गेला. माणसं रोज टेकडीवर चढत, डोळ्यांवर हात धरत आणि सांज झाली की उतरत. तळ्यांत कोळंबी वाढून बसली होती, पण नुसत्या कोळंबीवर किती दिवस काढणार? बायका पुन्हा चुलीकडे बघून वाढू लागल्या. घराघरांतलं बोलणं कमी झालं. शेजारच्या घरातून धूर किती वेळ निघतो, याकडे लोक लक्ष ठेवू लागले. एकदा चांगी वरच्या आळीतल्या एकीकडे मूठभर तांदूळ मागायला गेली आणि तशीच परत आली. "नाही म्हणाली?" पोशाने विचारलं. "तिने दारच लावून घेतलं," चांगी म्हणाली.

वैशाख गेला. गलबत आलं नाही. ते का आलं नाही, ते गावाला कधीच कळलं नाही. शेठ बुडाला असेल, दूरच्या राजांना दुसरं काही आवडू लागलं असेल, किंवा कुठेतरी तिसरी खाडी सापडली असेल. जिथे हे ठरलं तिथे या गावाचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

ज्येष्ठातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी पाटील स्वतः पोशाच्या दारी आला. "लाव बाबा दार," म्हणाला आणि ओटीवरच बसला.

पोशाने ओहोटीला फळ्या बसवल्या. एक फळी किड्याने पोखरली होती, तिथे त्याने पेंढा आणि माती ठासली. मग तो घरोघर फिरला. "उद्या दुपारी उधाण आहे. वारं दर्याकडून सुटलंय. तिवरं राहिलेली नाहीत. एकदा सगळे बांधावर चला. पूर्वीसारखे. अनवाणी."

"माझ्याजवळचा मी पाहिलाय, पोशादा. घट्ट आहे."

"गायरानाजवळचा?"

"तिथे माझं काय आहे?"

हेच त्याने घरोघर ऐकलं. कुणी चिडून म्हणालं नाही. सगळे खरंच तसं समजून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाडी चढू लागली. वाऱ्याने पाणी ढकललं होतं. लाटा थेट बांधावर येऊन फुटत होत्या, दमायला त्यांना वाटेत कुणी उरलं नव्हतं. पोशा गायरानाच्या पट्ट्यावर अनवाणी चालत होता आणि पाऊल टाकील तिथे त्याच्या तळव्याला ओल लागत होती. मग त्याने पाहिलं. आतल्या अंगाने पाणी येत होतं. एका ठिकाणी नाही, चाळणीतून यावं तसं.

त्याने हाळी दिली. आयुष्यात तो एवढ्या मोठ्याने ओरडला नव्हता. "बांध चालला! गायरानाकडे या! घमेली घेऊन या!"

हाळी ऐकून अख्खं गाव धावत बाहेर आलं. एकही माणूस घरात थांबलं नाही. पण बाळांनो, ती सगळी माणसं धावली आपापल्या तळ्याकडे. कुणी आपल्या छोट्या बांधावर माती टाकू लागला, कुणी दगड रचू लागला. जो तो आपलं वाचवत होता, आणि खूप कष्ट करत होता. इतके कष्ट गायरानाच्या पट्ट्यावर पडले असते, तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसलो नसतो.

पोशाजवळ आली ती चांगी आणि लंगडत लंगडत धाकूबाय. तिघं चिखलाचे गोळे कोंबत होती. एक भोक बुजलं की शेजारी दुसरं सुटत होतं. चांगी ओरडली, "सरका! सरका मागे!" तिने दोघांना दंडाला धरून ओढलं आणि त्याच जागचा बांध, जणू दमलेला माणूस बसावा तसा, खाली बसला.

मग खाडी आत आली. आता ढोल नव्हता. ती पाटलाच्या तळ्यात गेली, पोशाच्या मेव्हण्याच्या तळ्यात गेली. उंच बांध, छोटे बांध, दगड लावलेले बांध, सगळ्यांवरून गेली. कुणाचं तळं कुठलं, हे तिने विचारलं नाही. कोळंबी निघून गेली. विहीर बुडाली. माणसं टेकडीवर चढली म्हणून वाचली. धाकूबायची गाय तेवढी वाचली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. काही घरं डोंगरापलीकडे गेली ती परत आली नाहीत. जी राहिली त्यांनी मासळीच्या बदल्यात डोंगरातल्यांची नाचणी खाल्ली. त्या वर्षीच्या आषाढाचं मी वर्णन करणार नाही. जमिनीतला खार निघायला इतके पावसाळे लागले, की ज्या पोरांनी खाडी आत येताना नाच केला होता, त्यांची लग्नं होऊन गेली, तेव्हा कुठे एका कोपऱ्यात तांबड्या भाताची लोंबी दिसली.

पण ते सगळं नंतरचं. पाणी ओसरलं त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. दुपार कलली होती. टेकडीवर माणसं गुडघ्यांत तोंड घालून बसली होती. पोशा एकटा खाली उतरला. बांध फुटला होता तिथे बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं. तो चिखलात बसला, ओंजळीने माती उचलून त्या भगदाडात टाकू लागला. माती पडे आणि उरलंसुरलं पाणी ती घेऊन जाई. तो पुन्हा टाकी.

कुणीतरी मागे येऊन उभं राहिलं. वळून न पाहता तो म्हणाला, "मी उघडलं, बाय. माझ्याच हातांनी उघडलं."

दुखरे गुडघे वाकवून धाकूबाय त्याच्या शेजारी चिखलात उतरली. तिनेही एक ओंजळ भरली, टाकली, वाहून जाताना पाहिली. मग ती उठून उभी राहिली, टेकडीवरच्या माणसांकडे वळली, आणि त्या सगळ्यांना ऐकू जावं अशा आवाजात पोशाला म्हणाली:

"तांदूळ आम्ही सगळ्यांनी खाल्ला रे, पोशा. आता एकट्याने रडू नकोस, हाळी दे पुन्हा. समुद्राला दार उघडायला एक हात पुरतो, पण ते लावायला अख्खं गाव लागतं."